ओटला कुणाचा, बगीचा कुणाचा?

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोनं विकलं जातं आणि रात्री त्याच दुकानांच्या ओटल्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, खोपरा पॅटिस. बाहेरगावचे पाहुणे खाण्यावर खूश होऊन जातात, पण खाण्यापेक्षा तिथली व्यवस्था जास्त बघण्यासारखी आहे. आठ-नऊच्या सुमारास सराफांची शटरं पडायला लागतात, तोवर शेगड्या, कढया, पराती येऊन थांबलेल्या असतात. कुणी कुठल्या दुकानासमोर बसायचं हे ठरलेलं असतं. त्यामागे कुठे जुनी ओळख असते, कुठे भाडं, कुठे नुसती तोंडी समजूत. मध्यरात्र उलटून गेल्यावर सगळं आवरतं आणि सकाळी सराफ येतो तेव्हा त्याला ओटला मोकळा मिळतो. रात्री गल्ली जागी असते म्हणून दुकानांना फुकटची राखण मिळते, असं जुने इंदूरकर सांगतात.

आता या जागेचा मालक कोण? रस्ता नगर निगमाचा, म्हणजे महापालिकेचा, ओटला दुकानदाराचा, धंदा तिसऱ्याचाच. कागद काढले तर प्रत्येकाचं वेगवेगळं उत्तर सापडेल, पण रात्रीचा सराफा त्यातल्या एकाही कागदावर सापडणार नाही. तो माणसांनी आपसात पाळलेल्या नियमांवर उभा आहे.

शहरात अशा बऱ्याच गोष्टी असतात. कॉलनीतला बगीचा, तलाव, जुनी बावडी (पायऱ्यांची विहीर), मैदान, फुटपाथ, नदीकाठ, जमिनीखालचं पाणी. रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा रस्ता आणि अनंत चतुर्दशीला गिरणी कामगारांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या झांक्यासुद्धा (मिरवणुकीतले देखावे) याच जातीच्या. अभ्यासक यांना ‘अर्बन कॉमन्स’ म्हणतात, आपण शहरातली सामाईक साधनं म्हणू. आणि ती वापरणाऱ्यांनीच त्यांचा कारभार बघायचा, याला म्हणायचं नागरी स्वशासन. ऐकायला जड वाटतं, पण मुद्दा साधा आहे. नुसती मोकळी जागा असून भागत नाही. ती वापरणारी माणसं कोण हे ठाऊक हवं, आणि त्या माणसांनी ठरवलेले नियम पाळले जायला हवेत. यातलं एक जरी निसटलं तर जागा उरते, सामाईकपण जातं. मग ती एकतर उकिरडा होते, नाहीतर कुणाच्या तरी घशात जाते.

गायरान उजाड होणार, हे नक्की?

१९६८ साली गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला, त्याची सावली अजून या विषयावरून हटलेली नाही. त्याने एक गायरान कल्पिलं. प्रत्येक गुराखी मनात हिशोब करतो, की मी एक गाय वाढवली तर दूध सगळं माझं, आणि कमी झालेल्या गवताचा तोटा मात्र सगळ्यांत वाटला जाणार. म्हणून प्रत्येकजण गाय वाढवत जातो आणि शेवटी गायरान उजाड होतं. निष्कर्ष असा काढला गेला की यावर उपाय दोनच. सरकारने ताबा घ्यावा, नाहीतर तुकडे पाडून खासगी मालकी द्यावी.

हा तर्क खोटा नाही. कॉलनीतल्या बोअरवेलचं बघा. शेजाऱ्याने खोल खणली म्हणून आपण त्याहून खोल खणतो, मग तो आणखी, आणि मे महिन्यात दोघेही टँकरला फोन लावतात. पाणी जमिनीखाली एकच असतं, ते कुणाच्या हद्दीपाशी थांबत नाही.

पण हार्डिनच्या गोष्टीतले गुराखी एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. गावात चार वर्षं काढलेल्या माणसाला हे पटायचं नाही. आपल्या शेजारच्या खानदेशात पांझरा आणि मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, लाभाची जमीन फडांमध्ये, म्हणजे मोठ्या तुकड्यांमध्ये वाटलेली असते, कुठल्या फडात यंदा काय पिकवायचं हे मिळून ठरतं. पाणी देणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, वरची देखरेख करणारा हवालदार, ही सगळी माणसं शेतकऱ्यांनीच नेमलेली. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचं क्षेत्रच आवळतात. पाटबंधारे खातं जन्मायच्या कितीतरी आधीची ही व्यवस्था आहे. हार्डिननेही पुढे कबूल केलं की आपण वर्णन केलं ते व्यवस्था नसलेल्या गायरानाचं होतं. पण तोवर ते गायरान जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं होतं.

हा हिशोब नीट मांडला तो एलिनॉर ऑस्ट्रम यांनी. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचं नाव निघालं की लोकांना स्वित्झर्लंडची कुरणं आणि मासेमारांची गावं आठवतात, पण त्यांची सुरुवात शहरापासून झाली होती. लॉस एंजेलिसजवळच्या एका भूजल खोऱ्यावर त्यांनी पीएचडी केली. तिथे नगरपालिका, पाणी कंपन्या, कारखाने सगळेच जमिनीतून उपसा करत होते आणि पोकळीत समुद्राचं खारं पाणी शिरत होतं. म्हणजे अगदी आपली बोअरवेलची गोष्ट, फक्त बादली मोठी. त्या लोकांनी संघटना केली, भांडणं कोर्टात नेली आणि तिथेच तडजोडीने प्रत्येकाचा उपसा कमी करून घेतला. पुढे स्वतःवर कर लावून घेणारी संस्था उभी केली आणि किनाऱ्यालगत गोडं पाणी जमिनीत सोडून खाऱ्या पाण्याला बांध घातला. कुणी साधुसंत नव्हते, वकिलांची फौज घेऊन आलेले व्यवहारी लोक होते. मला ऑस्ट्रमच्या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण सामाईक कारभार म्हटला की आपल्याकडे लगेच त्याग, सेवा, संस्कार अशी भाषा सुरू होते.

दुसरं काम पोलिसांवरचं. १९७० च्या दशकात इंडियानापोलिस शहराच्या आसपास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या शहराचं पोलीस दल आणि लगतच्या छोट्या वस्त्यांची स्वतःची छोटी दलं यांची तुलना केली. त्या काळी तज्ज्ञांचं मत होतं की छोटी दलं मोडून एक मोठं करावं, म्हणजे कार्यक्षमता वाढेल. प्रत्यक्षात छोट्या दलांच्या वस्त्यांत लोकांचा अनुभव तितकाच किंवा जास्त चांगला निघाला. कारण सुरक्षितता ही पोलिसांनी तयार करून नागरिकांना घरपोच द्यायची वस्तू नव्हे. रस्त्यावर लक्ष ठेवणारा, ओळखीच्या हवालदाराला हटकून सांगणारा माणूस ती निम्मी तयार करत असतो. शाळा, सफाई, पाणी यांचंही तसंच.

बगिच्याची समिती कशी चालते, कशी मोडते

जगभरची टिकलेली आणि बुडालेली उदाहरणं पडताळून ऑस्ट्रम यांनी टिकणाऱ्या व्यवस्थांची आठ लक्षणं काढली. ती पाठ करायची गरज नाही. कुठल्याही कॉलनीच्या बगिच्यापाशी उभं राहिलं तर दिसतात.

पहिली अडचण हद्दीची. बगीचा कुठवर आणि तो वापरायचा हक्क कुणाला? कोपऱ्यातलं ट्रान्सफॉर्मरचं कुंपण, मागचं छोटं देऊळ, क्लब हाऊस म्हणून बांधलेली खोली, हे बगिच्यात की बाहेर? हे सुरुवातीला कुणी विचारत नाही. दहा वर्षांनी विचारलं तर भांडण होतं, कारण तोवर देवळाला मंडप फुटलेला असतो आणि खोलीला वरचा मजला.

मग नियम. निगमाचा बोर्ड इंदूरभर सारखाच असतो, पण रामबागेतल्या बगिच्याची गरज आणि बायपासपलीकडच्या नव्या टाउनशिपमधल्या बगिच्याची गरज सारखी नसते. एका ठिकाणी सकाळी पाचला आजोबांचा हास्य क्लब, दुसरीकडे रात्री दहाला ऑफिसातून आलेले तरुण. जागेला साजेसा नियम तिथल्याच माणसांना करता येतो, आणि तो केला असेल तर पाळलाही जातो. वरून आलेला नियम मोडताना माणसाला काही वाटत नाही, आपण हात वर करून मंजूर केलेला मोडताना थोडंतरी वाटतं.

तरीही मोडतातच. म्हणून देखरेख लागते, आणि देखरेख करणारा वापरणाऱ्यांनाच उत्तर देणारा हवा. शिक्षाही पायरीपायरीने हवी. पहिल्यांदा नुसतं सांगणं, मग चार लोकांत सांगणं, मग दंड. आपल्याकडे मधल्या पायऱ्याच नसतात. आधी वर्षानुवर्षं काहीच नाही, आणि मग एके दिवशी थेट बुलडोझर.

तंटा जवळच, स्वस्तात आणि लवकर मिटण्याची सोय हवी. बेंचवर बसण्यावरून झालेली कुरबुर जिल्हा न्यायालयात नेता येत नाही आणि सीएम हेल्पलाइनवरही खरं तर नेऊ नये, पण लोक नेतात, कारण मधे दुसरं दारच नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, सरकारने त्या समितीला मानलं पाहिजे. इथे आपलं घोडं अडतं. रहिवासी संघाने वर्षभर राबून बगीचा उभा केला आणि एका सकाळी निगमाचा ठेकेदार येऊन, कुणालाही न विचारता, हिरवळ उखडून पेव्हर ब्लॉक बसवून गेला, की त्या समितीची पुढची बैठक होत नाही. का होईल? आपल्या शब्दाला काही वजन नाही हे कळल्यावर मोकळा वेळ असलेला माणूसही घरी बसतो. लोक उदासीन आहेत अशी तक्रार अधिकाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. बऱ्याचदा ती उदासीनता अनुभवातून आलेली असते.

सराफ्यालाही ही लक्षणं लावून बघता येतात. अलीकडच्या वर्षांत सराफ व्यापारी आणि रात्रीची चौपाटी यांच्यात कुरबुरी वाढल्या. गॅस सिलिंडरची भीती, वाढलेली गर्दी, आणि पारंपरिक पदार्थांच्या दुकानांशिवाय बाकीची हलवा ही मागणी. हे ‘गायरान उजाड’चंच प्रकरण वाटतं, पण बारकाईने पाहिलं तर हद्द पुसट झाल्याचं प्रकरण आहे. ठरावीक घरं ठरावीक ओटल्यांवर होती तोवर तोंडी समजूत पुरत होती. प्रसिद्धी वाढली, नवे लोक आले, आणि नव्यांना घ्यायचं की नाही, किती घ्यायचं, हे ठरवायची जागाच नव्हती. तोंडी नियमाचं हेच दुखणं आहे. ओळखीच्या माणसांत तो कायद्याहून पक्का असतो, आणि अनोळखी माणूस आला की त्याला दाखवायला काहीच नसतं.

नर्मदा आली आणि बावड्या विसरल्या

इंदूरच्या नागरिकांनी स्वतःहून काही मिळवलं, याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे १९७० चं नर्मदा आंदोलन. होळकरांच्या काळातले तलाव आणि यशवंत सागर वाढत्या शहराला पुरत नव्हते. अभ्यास मंडळासारख्या संस्था, विद्यार्थी, व्यापारी, कामगार, सगळे पक्ष रस्त्यावर आले आणि सरकारला नर्मदेचं पाणी आणण्याची योजना मान्य करावी लागली. १९७८ मध्ये पाणी आलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्याची चढण पंपांनी चढवून. आजही इंदूरचा नळ सुटतो तो त्या चढणीवरच्या विजेच्या जोरावर.

आंदोलन खरं होतं, गरजही खरी होती. पण त्याच्या यशाची एक बाजू आपण फारशी बोलत नाही. लोकांनी एकजुटीने जे मागितलं ते होतं ‘पाणी आणून द्या’. आणून दिल्यावर ते पाणी बिलाचा विषय झालं. आणि ज्या विहिरी-बावड्यांपाशी पाळी लावायची, गाळ काढायचा, दोर बदलायचा अशी कामं मोहल्ल्याची म्हणून होती, त्या कामांचं कारणच गेलं. सामाईक गोष्ट मरते ती बहुतेक वेळा कुणी हल्ला करून नव्हे, तिची रोजची गरज संपल्यामुळे. कुणी विहिरीत कचरा टाकला, कुणी जाळी घातली, कुणी वर स्लॅब ओतून जागा कामाला लावली. कुणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायला ती विहीर आता कुणाची उरलीच नव्हती.

३० मार्च २०२३, रामनवमी. पटेल नगर भागातल्या एका मंदिरात हवन चालू असताना पायाखालचा स्लॅब कोसळला. खाली जुनी बावडी होती. ३६ माणसं गेली. तिथली जमीन बगिच्याची होती. रहिवाशांनी आधी तक्रारी केल्या होत्या, निगमाने त्या वर्षाच्या सुरुवातीला अनधिकृत बांधकामाची नोटीसही दिली होती, आणि नोटिशीनंतर काही झालं नाही. बातम्यांत दोष ठरवताना एकीकडे देवस्थान आणि दुसरीकडे निगम अशी वाटणी झाली, आणि ती रास्तच होती. पण वर सांगितलेली लक्षणं एकेक करून इथे लावून बघा. बगिच्याची हद्द कुणी राखली नव्हती. बावडीवर लक्ष ठेवणारा समूह उरला नव्हता. ज्यांनी तक्रार केली त्यांच्या शब्दाला वजन नव्हतं. तंटा मिटवायला मोहल्ल्यात जागा नव्हती, म्हणून तो भक्त विरुद्ध तक्रारखोर असा होऊन बसला. नंतर प्रशासनाने बांधकाम पाडलं आणि बावडी भरून टाकली. भरून टाकणं हाही उपाय झाला, पण त्याने एक सामाईक गोष्ट कायमची वजा झाली.

कोर्टांनी या बाबतीत मधूनमधून चांगली बाजू घेतली आहे. बगिच्यासाठी राखलेला प्लॉट खासगी नर्सिंग होमला द्यायचा बंगळुरूमधला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली रद्द ठरवला, आणि तिथे दाद मागायला गेलेले होते आजूबाजूचे रहिवासीच. नैसर्गिक साधनांची सरकार मालक नव्हे, विश्वस्त आहे, हे तत्त्वही नव्वदीच्या दशकात न्यायालयाने मान्य केलं. आपल्या घरचं उदाहरण म्हणजे अहिल्याबाईंच्या परंपरेतल्या घाट-मंदिरं-धर्मशाळांचं. त्या २४६ मालमत्ता सांभाळणाऱ्या, ‘खासगी’ हे नावच असलेल्या ट्रस्टचं प्रकरण इंदूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयाने त्या शासनाच्या ठरवल्या होत्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुद्दा उलटवला, पण हा सार्वजनिक न्यास आहे आणि विक्रीच्या व्यवहारांची तपासणी न्यास निबंधकाने करावी, असंही सांगितलं. म्हणजे घाट सरकारने घेऊन टाकायचा नाही आणि विश्वस्तांनी मनाला येईल तसा विकायचाही नाही. हार्डिनच्या दोन उपायांच्या मधे कायद्यालाही जागा करावी लागते ती अशी.

कायद्यात काय आहे

थोडक्यात सांगतो, कारण इथे कागद जास्त आणि माल कमी आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, लागू झाली १ जून १९९३ ला. तिच्यामुळे ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या सक्तीच्या झाल्या. पण समिती ‘एक किंवा अधिक वॉर्डांची’ असू शकते, ही पळवाट त्याच कलमात आहे. इंदुरात ८५ वॉर्ड आहेत. २०११ च्या जनगणनेची सुमारे २० लाख लोकसंख्या धरली तरी एका वॉर्डात तेवीसेक हजार माणसं येतात. असे अनेक वॉर्ड एकत्र केले की त्या समितीला मोहल्ल्याची म्हणणं कठीण.

याहून खालच्या पातळीसाठी केंद्राने जेएनएनयूआरएम या शहर-विकास योजनेच्या काळात राज्यांपुढे एका नमुना विधेयकाचा आग्रह धरला. त्यात एक किंवा काही मतदान केंद्रांच्या मतदारांची ‘क्षेत्र सभा’ होती. गावात ग्रामसभा असते, तशीच शहरात. मध्य प्रदेशाच्या महानगरपालिका कायद्यात मोहल्ला समितीची तरतूद आहे. ती आपल्या मोहल्ल्यात कधी भरली का, हे शेजारच्या काकूंना विचारून बघा. गावातल्या माणसाला ग्रामसभेत उठून सरपंचाला हिशोब विचारता येतो. शहरात आलेला तोच माणूस शिकतो, कमावतो, प्रॉपर्टी टॅक्स भरतो, आणि पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर खड्ड्याचा फोटो पाठवू शकतो.

पण आपण तर नंबर वन आहोत ना?

इथे इंदूरकर दुखावतो, आणि ते समजण्यासारखं आहे. २०१७ पासून ओळीने स्वच्छतेत पहिलं येणं ही लहान गोष्ट नाही. कोपऱ्यावरच्या कचराकुंड्या गेल्या, घरोघर गाडी येऊ लागली, ओला-सुका कचरा वेगळा देणं अंगवळणी पडलं, देवगुराडियाला दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. यात नागरिकांचा वाटा मोठा आहे. ऑस्ट्रम म्हणतात तसं, निम्मं काम घराघरातल्या स्वयंपाकघरात होतं.

तरी हे सहकार्य आहे, स्वशासन नव्हे. नियम वरून आला, देखरेख वरून, दंड वरून, बक्षीसही वरून. नागरिकाने तो मनापासून पाळला. याने शहर झाडलेलं राहतं. पण कान्ह नदीचं काय करायचं, एखाद्या जुन्या झाडांच्या जागेवर इमारती उठवायच्या की नाही, रस्ता रुंद करायचा की झाडं ठेवायची, असे प्रश्न आले की कळतं, आपल्याला ‘हो’ म्हणायचा चांगला सराव आहे आणि ठरवायचा नाही. सिरपूर तलाव याला सन्माननीय अपवाद. २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, पण त्याआधी कित्येक वर्षं पक्षीनिरीक्षक आणि स्वयंसेवक अतिक्रमण आणि सांडपाण्याशी भांडत होते. तेव्हा कुठली रँकिंग मिळत नव्हती.

गंमत म्हणजे स्वच्छतेची स्पर्धा इंदूरला नवी नाही. तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार शहराचा आराखडा करायला आले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ सालचा. प्लेगच्या भीतीने शहर ग्रासलेलं होतं आणि या नकाशा घेऊन गल्लीबोळांतून फिरणाऱ्या गोऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघत. कारण नकाशा आला की घर पाडणार, हे लोकांना माहीत होतं. तेव्हा गेडिसनी दिवाळीची मिरवणूक आखली. नेहमीच्या राजमार्गाने न जाता ती सर्वांत स्वच्छ झालेल्या मोहल्ल्यांतून जाईल, अशी दवंडी दिली. कचरा फुकट उचलून न्यायची सोय केली. मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीरही होता. मोहल्ले चढाओढीने झाडले गेले, घरांची डागडुजी झाली.

हेही वरूनच आलेलं होतं म्हणा. राजाची मुभा नसती तर मिरवणूक निघाली नसती. पण एक फरक मला मोलाचा वाटतो. बक्षीस मोहल्ल्याला होतं, शहराला नव्हतं. कुठला मोहल्ला, कुणी झाडायचं, कसं, हे त्या त्या गल्लीने ठरवलं. आणि गेडिसचा आग्रह होता की जुनी वस्ती सरसकट पाडू नका, अडणारं तेवढं काढा, बाकी दुरुस्त करा. विहिरी, तलाव, पार त्यांना अडगळ वाटले नाहीत.

आजच्या काळात असं काही लिहून-सवरून करता येतं का? इटलीतल्या बोलोन्या शहराने २०१४ मध्ये केलं. तिथल्या महापालिकेने एक नियमावली मंजूर केली. नागरिकांचा कुठलाही गट, अगदी नोंदणी नसलेला चार शेजाऱ्यांचाही, एखादा चौक, बगीचा किंवा पडीक इमारत सांभाळायचा प्रस्ताव देऊ शकतो. मग पालिका आणि तो गट यांच्यात करार होतो. कोण काय करणार, रंग-अवजारं-माती कोण देणार, किती दिवस, काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची. पुढे असे शेकडो करार झाले आणि इतर अनेक इटालियन नगरपालिकांनी ती नियमावली उचलली. यात पालिका जागेवरचा हक्क सोडत नाही आणि नागरिक फुकटचे मजूर होत नाहीत. सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे कागद. पार्षद बदलला, आयुक्त बदलला, तरी करार तोच राहतो. आपल्याकडे बगीचे दत्तक द्यायची पद्धत आहे, पण दत्तकात बहुतेक वेळा एक फलक असतो आणि त्या फलकावर कंपनीचं नाव बगिच्याच्या नावापेक्षा मोठं असतं.

‘आपण’ म्हणजे कोण

आता या सगळ्यातली काळी बाजू. जुन्या सामाईक विहिरींबद्दल हळवं होऊन बोलताना, त्या विहिरींवर कुणाला चढू देत नव्हते हे विसरून चालणार नाही. मराठी माणसाला तर हे सांगायलाही नको. महाडचं चवदार तळं नगरपालिकेचं होतं. पालिकेने ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता, तरी अस्पृश्यांना तिथलं पाणी घेता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला इंदूरपासून काही कोसांवरच्या महूत जन्मलेल्या बाबासाहेबांनी तिथे जाऊन ओंजळभर पाणी घेतलं. त्यानंतर विरोधकांनी कोर्टात काय मांडलं ते बघा. तळं सार्वजनिक नाही, ते आमचं खासगी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये तो दावा फेटाळला. तिथेही हद्द पक्की होती, नियम सगळ्यांना ठाऊक होते, देखरेख कडक होती आणि शिक्षा तर विचारूच नका. ऑस्ट्रमची लक्षणं जुळली म्हणून व्यवस्था न्यायाची होत नाही.

त्याचीच सौम्य आवृत्ती आज कॉलनीच्या बगिच्याच्या फाटकावर दिसते. दुपारी बारा ते चार कुलूप. कारण विचारलं तर ‘बाहेरची मुलं येतात’. ती बाहेरची मुलं बहुतेक वेळा मागच्या गल्लीतलीच असतात आणि त्यांची आई याच कॉलनीत धुणीभांडी करते. जमीन निगमाची, झाडांना पाणी नर्मदेचं, माळ्याचा पगार करातून, आणि कुलूप रहिवासी संघाचं. चांगला चालणारा संघ असेल तर कुलूपही चांगलं चालतं.

पथविक्रेत्यांच्या बाबतीत कायद्याने हा प्रश्न २०१४ मध्ये ओळखला. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे, निवडून आलेले, असले पाहिजेत. अंमलबजावणी सगळीकडे रखडली ही गोष्ट वेगळी, पण कुणाच्या पोटाचा प्रश्न आहे त्याला खुर्ची द्यायची, हे लिहिलं तरी गेलं. बगिच्याच्या समितीत मागच्या गल्लीला, माळ्याला किंवा फाटकाबाहेरच्या भाजीवालीला खुर्ची द्या असं कुठलाच कायदा सांगत नाही. तशी मनाई असल्याचंही ऐकलेलं नाही. रहिवासी संघाच्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ असतात. तिथे हा विषय काढता येईल, आणि कुलपाची किल्ली कुणाकडे राहणार हेही त्याच बैठकीत लिहून घेता येईल.